टेबलक्लॉथच्या घडीतला कागद

"ते सगळं ठीक आहे, पण भरती का व्हायचंय तुम्हाला?" अग्निशमन केंद्राच्या चीफने तिसऱ्यांदा विचारलं.

ड्रेमा स्टॅलार्ड खुर्चीच्या टोकावर बसली होती. वय सत्तेचाळीस, उजवा गुडघा दुखरा, बावीस वर्षं शाळेची बस चालवलेली. त्या उन्हाळ्यात आमच्या काउंटीने दोन शाळा बंद केल्या आणि तिची बसही गेली. काउंटीच्या अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेत माणसं हवीत, अशी पाटी पेट्रोल पंपावर दिसली आणि तिने अर्ज भरला. इतकंच झालं होतं. त्यात 'का' कुठे होतं, ते तिलाच सापडत नव्हतं.

"मला सगळे रस्ते येतात," ती अखेर म्हणाली. "कुठल्या खोऱ्यात कुणाचं घर, कुणाचा कुत्रा चावतो, सगळं."

चीफ हसला. "मग आमच्या रस्ता सांगणाऱ्या यंत्रातल्या बाईपेक्षा तुम्ही बऱ्या. तिने गेल्या आठवड्यात आम्हाला ओढ्यात नेलं."

चौदा आठवडे प्रशिक्षण झालं. बरोबरचे सगळे विशीतले, निम्मे तिच्याच बसमधून शाळेत गेलेले. ते तिच्या हातातून जड नळ्या काढून घेत आणि कॅप्टन रॅटलिफ ओरडे, "द्या तिच्याकडे परत! आग काय वय विचारून जाळते?"

धुराच्या खोलीत डोळे झाकून, नळी चाचपत बाहेर पडायचं असे. नळीच्या सांध्यावरचे कंगोरे कुठल्या बाजूला आहेत त्यावरून दार कळतं. ड्रेमा दोनदा उलटीच, आत आत रांगत गेली. तिसऱ्यांदा बाहेर आली, पण कशी आली ते तिला सांगता येईना.

"तुला वेडबिड लागलंय का गं?" बहिणीने फोनवर विचारलं.

"माहीत नाही," ड्रेमा म्हणाली, आणि ते खरंच होतं.

ड्यूटीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सव्वाआठला, मलिन्सांच्या घरून फोन आला. म्हातारा हॉबर्ट मलिन्स स्वयंपाकघरात पडला होता. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस. छाती कधीचीच कामातून गेलेली. टेबलावर त्याची अर्धी कॉफी होती.

रॅटलिफने त्याच्या मानेवर बोटं ठेवली. "नाडी नाही. ड्रेमा, दाब."

ड्रेमा गुडघ्यांवर बसली आणि छाती दाबू लागली.

"अगं, नको!" म्हाताऱ्याची बायको इनेझ ओरडली. "पडला म्हणून उचलायला बोलावलं मी तुम्हाला. हे त्याला नकोय! डॉक्टरच्या सहीचा कागद आहे आमच्याकडे, की पुन्हा जिवंत करायचं नाही म्हणून."

"दाखवा, लगेच थांबतो," रॅटलिफ म्हणाला.

"फ्रिजवर लावलेला होता. रविवारी चर्चच्या बायका येणार होत्या, म्हणून काढला. आल्यागेल्याने वाचायचा, बरं दिसतं का ते? कुठे ठेवला मी..."

ड्रेमाचे हात थबकले. "कॅप्टन?"

"कागद हातात येईपर्यंत थांबता येत नाही. दाब."

ती दाबत राहिली. तिच्या तळव्याखाली बरगडी मोडली, मग दुसरी. मागे इनेझ खणामागून खण उपसत होती. चमचे जमिनीवर सांडले. "ड्रेमा, माझ्या लेकीला तूच न्यायचीस ना बसमधून? माझं ऐक की गं!"

ड्रेमा आकडे मोजत होती. कागद सापडावा असं तिला वाटत होतं. म्हाताऱ्याचं काळीज चालू व्हावं असंही वाटत होतं. त्यातलं आपल्याला खरं काय हवंय, ते तिला कळत नव्हतं.

"थांब," रॅटलिफ म्हणाला. "नाडी आली."

"हा बघा!" इनेझ त्याच क्षणी वळली. चांगल्या टेबलक्लॉथच्या घडीतून तिने कागद काढला होता.

रॅटलिफने तो घेऊन सही पाहिली.

"आता?" ड्रेमाने विचारलं.

"आता श्वास चाललाय त्याचा. आता दवाखान्यात न्यायचं."

दुपारी स्टेशनवर रॅटलिफ रुग्णवाहिका पुसत होता. ड्रेमा दारात उभी राहिली. "बरोबर केलं का आपण?"

"नियमाने केलं."

"ते नाही विचारलं मी."

"ठाऊक आहे," तो म्हणाला आणि फडकं पिळत राहिला.

हॉबर्ट अकराव्या दिवशी गेला. त्यानंतर तीन आठवड्यांनी इनेझ स्टेशनवर आली. गाडी थेट रुग्णवाहिकेच्या मोठ्या दारासमोर लावली आणि सफरचंदाच्या थरांचा केक मांडीवर घेऊन आतल्या बाकावर बसली. ड्रेमा शेजारी बसली.

"भांडायलाच निघाले होते," इनेझ म्हणाली. "मग केक कशाला केला, देव जाणे."

"भांडा की."

"अकरा दिवस बरगड्या धरून कण्हत होता गं. खोकला आला की डोळ्यांतून पाणी काढायचा. तुझे हात जिथे पडले ना, तिथे सगळं काळंनिळं." तिने मांडीवरचा केक नीट धरला. "आणि पाचव्या दिवशी त्याने पीच मागितलं. माझ्या हातून अर्धी फोड खाल्ली. म्हणाला, कोंबड्यांना दाणे घातलेस का? एकावन्न वर्षांत कधी विचारलं नव्हतं त्याने. आता तूच सांग, हे दिवस मी चांगले म्हणू की वाईट?"

माफी मागावी, असं ड्रेमाच्या मनात आलं. पण माफी कशाची? कण्हण्याची मागितली, तर त्या फोडीचीही मागितल्यासारखी होणार.

"मला नाही सांगता येत, इनेझबाई."

"मलाही नाही." इनेझने मान हलवली. "वाटलं, तुला कळलं असेल. हात तुझे होते."

तेवढ्यात घंटा झाली. कुणाला तरी छातीत दुखत होतं, पलीकडच्या खोऱ्यात. ड्रेमा उठून धावली, तशी इनेझही उठली.

"अगं बाई, माझी गाडी!"

केक घेऊनच ती गाडीत बसली आणि घाईघाईने मागे मागे घेत थेट गवतात घातली. रुग्णवाहिका तिच्या शेजारून पुढे गेली. वळणावर ड्रेमाने आरशात पाहिलं. म्हातारी गाडीतून उतरून गवतात ताठ उभी होती, आणि केक दोन्ही हातांत धरलेला होता.