डोंगराअलीकडची सहा मिनिटं

दुपारी तीन वाजून एकतीस मिनिटांनी मनोऱ्यातल्या रेडिओवर वैमानिकाचा आवाज आला, "दोन मिनिटांत उतरतोय." त्या मार्गावर आकाशात विमान नव्हतं. तेवीस दिवसांपूर्वी याच वेळी, हेच शब्द ऐकू आल्यावर ते नऊ माणसांसकट ढगात नाहीसं झालं होतं.

नियंत्रकाला सगळे घड्याळमामा म्हणत. हा आवाज ते रोज ऐकत आणि कोणापाशी बोलत नसत. आज मात्र शेजारच्या खुर्चीत वैमानिकाचे वडील होते. शोधाची बातमी विचारायला ते रोज यायचे, पण इतका वेळ कधी थांबले नव्हते.

"हा माझा पोरगा आहे," ते म्हणाले.

"काका, खरखर आहे ती."

"खरखर नाकात बोलते होय? त्या दिवशी सर्दी होती त्याला."

सर्दी मामांना चांगलीच आठवत होती.

इथून पुढच्या विमानतळापर्यंतचं अंतर दोनशे बारा किलोमीटर, उड्डाणाची वेळ अडतीस मिनिटं, असं भिंतीवरच्या तक्त्यात होतं. पण ते जुन्या विमानतळापर्यंतचं, डोंगराच्या पश्चिमेकडचं. नवा विमानतळ पूर्वेला झाला आणि अंतर एकोणीस किलोमीटरने वाढलं. तक्ता तसाच राहिला. नवा वैमानिक आला की मामांनी तोंडी सांगायचं, "चार मिनिटं जास्त धर." एवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं. जुन्यांना ते तोंडपाठ, तक्ता वाचतो कोण?

या पोराला सांगायचं राहिलं. पहिलीच फेरी त्याची. मामा त्याच्या शिंकांची थट्टा करत बसले, "वर गेल्यावर शिंकू नकोस रे बाबा, विमान उलटं फिरेल!" पोरगा तक्त्यातली अडतीस मिनिटं धरून हसत हसत जिना उतरला.

पुढे चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, "जादा वेळेचं सांगितलं होतंत ना?" मामांनी मान डोलावली. तेवढ्या होकारावर पथकं नव्या विमानतळापासून दोन मिनिटांच्या टापूत, पूर्वेकडचं रान पालथं घालत होती.

"दोन मिनिटं म्हणतो," काका म्हणाले, "मग उतरत का नाही?"

"कारण तो सहा मिनिटं लांब होता, काका. डोंगराच्या अलीकडेच. नव्या विमानतळाला चार मिनिटं जास्त लागतात, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं."

काकांनी बोटांवर दोन आणि चार मोजले.

"म्हणजे तेवीस दिवस लोक भलतीकडेच शोधताहेत?"

"हो."

"आणि तुम्ही रोज माझ्यासमोर बसून चहा पिताय."

काकांनी टेबलावरचा फोन उचलला आणि मामांच्या हातात दिला. "लावा."

तीन वाजून पन्नास मिनिटांनी मामांनी फोनवर चौकशी अधिकाऱ्याला सगळं सांगून आपला जबाब फिरवला. अधिकारी म्हणाला, "उद्यापासून मनोऱ्यात पाऊल टाकू नका. आज मात्र जागचे हलू नका." साडेचारला पथक पश्चिम उताराकडे निघालं. काका खिडकीपाशी उभे राहिले, पाणीसुद्धा नको म्हणाले.

पाच पन्नासला पथकप्रमुखाचा निरोप आला. विमानाचा मागमूस नाही. पण उतारावर त्यांच्या हातातल्या रेडिओवर सर्दी झालेल्या माणसाचा आवाज अगदी स्वच्छ येतोय. विमानतळ अजून किती लांब आहे, असं तो विचारतोय. त्याला काय सांगायचं, हे मनोऱ्याने कळवावं.