पडद्याच्या अलीकडे

माझे बाबा वकील. स्वातंत्र्यावर बोलायला लागले की सभागृह दणाणून जायचं. आत्या त्यांची धाकटी बहीण. लहानपणीच विधवा झालेली, तेव्हापासून आमच्याकडेच. ती फारशी बोलायची नाही. बाबा सकाळी आरशासमोर भाषण घोकायचे, तेव्हा ती शेजारी त्यांचा कोट झटकत उभी असायची.

एका सभेच्या दिवशी पोलीस दुपारीच बाबांना घेऊन गेले. संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं. आम्ही बायका नेहमीसारख्या कडेला, पडद्यामागे. व्यासपीठावर नुसती कुजबुज. बोलायला कुणीच पुढे होईना.

आत्या उठली. मी तिचा पदर धरला. "अगं, कुठे?"

"आलेच," म्हणाली, आणि पडदा सारून थेट वर चढली.

तिनं बाबांचं भाषण जसंच्या तसं म्हणायला सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं आवाज कापत होता. मग तो असा लागला, की माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ही आमची आत्या?

"देश आपली आई आहे, तिला बंधनात ठेवणं पाप आहे," इथे टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली. पुढचं बाबांचं नव्हतं. "मग घरातल्या आईला, बहिणीला पडद्यामागे का बसवलंत? मला वाचायला शिकायचं होतं. नको म्हणणारा इंग्रज नव्हता, माझाच भाऊ होता."

दोन-तीन गृहस्थ उठून चालते झाले. तेवढ्यात आम्हा बायकांतूनच टर्रकन आवाज आला. शेजारच्या काकूंनी पडदा दोरीसकट ओढून काढला होता.

बाबा सुटून आले ते धुमसतच. "चारचौघांत माझी अब्रू काढलीस! कुणी सांगितलं होतं बोलायला?"

"तूच, दादा. रोज सकाळी."

तिसऱ्या दिवशी बाबा पाटी-पेन्सिल घेऊन आले आणि तिच्यासमोर बसले.

पुढच्या वर्षी पोलीस पुन्हा दारात आले, ते आत्यासाठी. तिनं स्वतः लिहिलेली पत्रकं गावभर लागली होती. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. आत्यानं शांतपणे चपला घातल्या.

"दूध तापत ठेवलंय, दादा. उतू जाऊ देऊ नकोस," म्हणाली, आणि ताठ मानेनं पायऱ्या उतरली.

बाबा धावत स्वयंपाकघरात गेले. मी दारातच, तिच्याकडे बघत राहिले.