आत कोण आहे?

"काका, परत लॉक्ड! या, बघा तुमच्या लाडक्याचे प्रताप!"

वजनकाट्याच्या खोलीतून सिस्टरचा आवाज आला आणि रिसेप्शनच्या मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेल्या काकांनी मान वर केली. सकाळपासून ते याच हाकेची वाट बघत होते. तरीही ती आली तेव्हा वाटलं, आजचा एक दिवस टळला असता तर काय बिघडलं असतं?

ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. वजनकाट्यावर एक आजोबा अनवाणी उभे होते आणि समोरच्या पडद्यावर लाल चौकटीत तीच ओळ होती. डेटाबेस इज लॉक्ड.

"यांचं वजन चढत नाही तोवर मशीनला अंगातलं किती पाणी काढायचं ते कळत नाही," सिस्टर म्हणाल्या. "मग मी काय करू? अंदाजपंचे काढू? तुमचं काय जातंय, तुम्ही बसलाय खुर्चीत!"

"कागदावर लिहा तेवढं. आणि सिस्टर, कृपा करून आज कुणी कॉम्प्युटर बंद-चालू करू नका."

"ते केलं की चालतं ना पण!"

"चालतं. म्हणूनच चूक सापडत नाही."

काका म्हणजे ज्यांनी बारा वर्षांपूर्वी या डायलिसिस केंद्राचा प्रोग्राम लिहिला ते गृहस्थ. त्यांना इथे नावाने कुणी ओळखत नसे. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ते 'कॉम्प्युटरवाले काका' होते. एके काळी त्यांचे प्रोग्राम बऱ्याच ठिकाणी चालत. दातांचे दवाखाने, एक चष्म्याचं दुकान, एक लाकडाची वखार. एकेक करून सगळ्यांनी मोठ्या कंपन्यांचे चकचकीत प्रोग्राम घेतले. कुणी भांडलं नाही, कुणी नाव ठेवलं नाही, नुसते फोन यायचे बंद झाले. राहिलं होतं हे एकच केंद्र. आणि इथेही आता महिनाभर हा डोक्याला ताप.

काकांचा प्रोग्राम साधा होता. सगळ्या रुग्णांची सगळी माहिती एकाच फाइलमध्ये, रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर. वजनकाट्याचा कॉम्प्युटर आणि आत वॉर्डात सिस्टरच्या टेबलावरचा कॉम्प्युटर, दोघंही नेटवर्कवरून त्याच फाइलमध्ये लिहायचे. अशी फाइल नेटवर्कवरून तिघांत वाटू नये, असं शहाणी माणसं सांगतात. काकांनाही ते ठाऊक होतं. पण तेव्हा केंद्राकडे पैसे नव्हते, आणि बारा वर्षं गाडं चाललंही होतं.

'लॉक्ड' म्हणजे काय, हे ते नव्या माणसाला नेहमी एकाच प्रकारे समजावत. "एकच संडास असलेलं घर समजा. एक जण आत गेला की कडी लागते. बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. थोडा वेळ थांबतात, मग बोंब मारतात. बिघाड संडासाचा नसतो. आत कोण बसलंय तेवढं शोधायचं." रिसेप्शनवरची मुलगी हे ऐकून दर वेळी लाजून हसायची.

पण या वेळी आत कोण बसलंय तेच कळेना. काकांनी नेहमीचे चोर आधी धरले होते. अँटिव्हायरस दुपारी फाइल तपासायला घेतो की काय, म्हणून त्याला ही फाइल वगळायला सांगितलं. बॅकअपची वेळ पहाटेवर नेली. मध्येच वीज गेल्यावर मागे राहते ती अर्धवट कामाची छोटी फाइल कुठे पडली आहे का, तेही पाहिलं. थांबायची मुदत पाच सेकंदांवरून तीस केली, तर एवढंच झालं की लोक तीस सेकंद पडद्याकडे बघत बसायचे आणि मग बोंब मारायचे. काकांनी हात टेकले होते.

त्यात मॅडमनी सकाळीच केबिनमध्ये बोलावून घेतलं होतं. मॅडम म्हणजे केंद्राच्या मॅनेजर. तरुण, नेटक्या, कुणावर उगाच आवाज न चढवणाऱ्या.

"काका, उद्या नव्या कंपनीचे लोक सही घ्यायला येतायत. मला तुमचं वाईट करायचं नाहीये," त्या म्हणाल्या होत्या. "आज कारण सांगा. आमच्या माणसांच्या हातून काही चुकत असेल तर तसं लिहून द्या, त्यांचं काय करायचं ते मी बघते आणि कंपनीला थांबवते. चूक प्रोग्रामची असेल तर मग मलाच वर उत्तर द्यावं लागेल."

"बघतो," काका म्हणाले होते. दुसरं म्हणणार काय?

म्हणून आज त्यांनी एक साधा सापळा लावला होता. जो कॉम्प्युटर फाइलची कडी लावेल, त्याने शेजारच्या दुसऱ्या एका फाइलमध्ये आपलं नाव टाकायचं. आजोबांचं वजन कागदावर लिहून घेतल्यावर काकांनी ती फाइल उघडली. शेवटचं नाव होतं वॉर्डाच्या कॉम्प्युटरचं. म्हणजे सिस्टरच्या टेबलाचं.

महिनाभर सगळ्यात मोठ्यांदा ज्या ओरडत होत्या, त्याच!

वॉर्डात यंत्रांची एकसुरी घरघर चालली होती. दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर माणसं डोळे मिटून पडलेली, हातांतून नळ्या निघालेल्या. कोपऱ्यात सिस्टरचं टेबल. टेबलाशी कुणी नव्हतं. काकांनी माउस हलवला.

पडद्यावर एका रुग्णाची नोंद उघडी होती. 'एडिट' दाबलेलं. खाली रकाना होता, 'नोंद बंद करण्याचं कारण', आणि त्यातली यादी उलगडून तशीच सोडलेली. बरे झाले. दुसऱ्या केंद्रात गेले. स्वतः थांबवले. मृत्यू. एकावरही खूण नव्हती.

काकांनी फोटो ओळखला. खिडकीजवळच्या खुर्चीवरचे म्हातारबुवा. सगळे त्यांना 'हवामान खातं' म्हणत, कारण आल्या आल्या ते खिडकीबाहेर बघून अंदाज सांगत आणि तो हमखास चुकत असे. काका कधी आले की म्हणत, "काका, छत्री घरी ठेवलीत ना? आज थेंब पडायचा नाही." काका भिजून घरी गेल्याच्या दोन-तीन आठवणी तरी नक्की होत्या. म्हातारबुवा गेल्या महिन्यात घरीच झोपेत गेले. हा सगळा ताप सुरू झाला तोही गेल्या महिन्यातच.

"काय बघताय?" मागून सिस्टरचा आवाज आला.

काकांनी पडद्याकडे बोट केलं. "हे कधी उघडलंत?"

"मघाशी. जेवणाच्या सुट्टीत." सिस्टर जरा घुटमळल्या. "का?"

"काल?"

"कालही. अहो, रोजच उघडते. बंद करायचीय ती नोंद, मॅडम मागे लागल्यात. म्हणते आज करून टाकू. मग कुणीतरी हाक मारतं आणि मी उठते." त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. "खरं सांगू? कुणी हाक नाही मारली तरी उठते."

काकांनी माउसवरचा हात काढून घेतला.

"अकरा वर्षं, काका. आठवड्यातून तीनदा सुई मीच टोचायची, दुसरीला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, तुझी सुई लागत नाही गं पोरी. लागत असणार, नाही कशी लागणार? माझ्या घरच्यांशी मी एवढी बोलले नसेन. आणि आता मीच यादीतून निवडायचं! तुम्ही तरी काय एकेक पर्याय दिलेत. पहिलाच कोणता, तर 'बरे झाले'. आमच्याकडून बरं होऊन कोण गेलंय हो आजवर?"

काकांनी मान खाली घातली. बारा वर्षांपूर्वी ती यादी त्यांनी घरी जेवता जेवता लिहिली होती. केंद्राला वेगळं काय हवंय हे विचारायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

आणि त्याच बसण्यात त्यांनी दुसरी गोष्ट ठरवली होती. 'एडिट' दाबलं की लगेच फाइलची कडी लावायची, म्हणजे एकाच नोंदीत दोघं एकदम लुडबुडणार नाहीत. 'सेव्ह' किंवा 'रद्द' दाबलं की कडी काढायची. माणूस नोंद बदलायला बसला की बदलून उठतो, असा त्यांचा समज. कुणी नोंद उघडून नुसतं बघत बसेल, मग उठून जाईल आणि उद्या परत येऊन तेच करेल, असं त्यांनी धरलंच नव्हतं.

"सिस्टर, ते लॉक्ड येतं ना," ते हळू आवाजात म्हणाले, "ते या उघड्या नोंदीमुळे येतं."

सिस्टरना आधी कळलं नाही. मग कळलं तसा त्यांचा हात तोंडाकडे गेला. "म्हणजे... माझ्यामुळे? आणि महिनाभर मी तुम्हालाच शिव्या घालतेय!"

"चांगल्या सणसणीत घातल्यात."

"अगं बाई!" सिस्टरना हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ डोळे भरले. त्यांनी पटकन 'रद्द' दाबलं. बाहेर वजनकाट्याच्या खोलीतून रिसेप्शनवरची मुलगी ओरडली, "सुटलं! काका, सुटलं!"

"मी मॅडमना जाऊन सांगते," सिस्टर डोळे पुसत म्हणाल्या. "मागे औषधाच्या वेळेवरून एकदा मेमो दिलाच आहे, अजून एक घेईन. निवृत्तीला आलेय, माझं काय वाकडं करणार आहेत?"

काकांना ठाऊक होतं काय वाकडं होईल ते. दुसरा मेमो लागला की वॉर्ड काढून घेतात आणि वरच्या मजल्यावर फायली लावायला बसवतात. "तुम्ही आजोबांचं मशीन बघा आधी," ते म्हणाले. "मॅडमशी मी बोलतो."

केबिनपर्यंतचा बोळ तसा छोटाच होता. काका तो सावकाश चालले. मनात आलं, खोटं तर काही सांगायचं नाही. माणसाने नोंद उघडी ठेवली, खरंच आहे ते. एक ओळ लिहून द्यायची आणि कंपनीचे लोक उद्या आल्या पावली परत. मग निदान एका ठिकाणी तरी आपलं काही चालू राहील. कुणीतरी फोन करील, ओरडेल, या म्हणेल. घरी बसून करायचं काय? या विचाराने त्यांना खरोखरच भीती वाटली. दाराशी ते जरा थांबले आणि मग आत गेले.

"सापडलं का?" मॅडमनी विचारलं.

"सापडलं. प्रोग्रामची चूक होती."

"आमच्याकडून काही नाही?"

"नाही. नोंद उघडी राहिली की सगळ्यांना अडवायचा तो. तसं अडवायला नको होतं."

"काका, मग माझा नाइलाज आहे. महिनाअखेरपासून नवीन प्रोग्राम सुरू करावा लागेल."

"हो, कळलं मला." काका उठले आणि मग आठवल्यासारखे म्हणाले, "आजच्या दिवस बसतो. दुरुस्ती करून जातो."

"आता कशाला? थोडेच दिवस तर राहिलेत."

"तेवढे दिवस तरी नीट चालू दे."

दुरुस्ती ती काय! कडी लावायची ओळ 'एडिट'पासून उचलून 'सेव्ह'पाशी ठेवायची. नोंद कितीही वेळ उघडी राहो, फाइलला हात लागायचा तो फक्त सेव्ह करताना, डोळ्याचं पातं लवतं तेवढाच. मध्ये दुसऱ्या कुणी तीच नोंद बदलली असेल तर तसं सांगायचं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याजवळ वाकून सगळं परत परत तपासलं आणि तिन्ही कॉम्प्युटरवर दुरुस्त केलेला प्रोग्राम टाकला. मध्येच घरून फोन आला.

"अहो, मिळाली का चूक?" बायकोने विचारलं.

"मिळाली."

"मग? वाचलं का काम?"

"घरी आल्यावर सांगतो."

इतक्या वर्षांत एवढं तिला कळत होतं. "बरं, या," ती म्हणाली, "जेवायची थांबते."

काका वॉर्डात आले तेव्हा दिवसाची पाळी संपत आली होती. खिडकीजवळच्या खुर्चीवर आता एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांची नळी सोडवून सिस्टर हातावर पट्टी लावत होत्या. काम झाल्यावर त्या टेबलाशी आल्या.

"मॅडम म्हणाल्या, तुम्ही चूक प्रोग्रामची सांगितलीत."

"होतीच."

"आणि काम गेलं तुमचं."

"जायचंच होतं कधीतरी." त्यांनी खुर्ची ओढून सिस्टरच्या पुढे केली. "बसा. एकदा तपासून बघायचंय मला. ती नोंद उघडा."

"कुठली?"

"तीच."

सिस्टर बसल्या. त्यांनी म्हातारबुवांची नोंद उघडली, 'एडिट' दाबलं. यादी उलगडली. त्यात आता 'बरे झाले' नव्हतं. सिस्टरच्या ते लक्षात आलं.

"राहू दे तसंच," काका म्हणाले आणि बाहेर जाऊन रिसेप्शनवरच्या मुलीला म्हणाले, "कर गं सेव्ह."

मुलीने कागदावर राहिलेली सगळी वजनं एकामागून एक चढवली. एकही अडलं नाही. "काका, पळतंय अगदी!" ती म्हणाली.

काकांनी लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळली, पिशवी खांद्याला लावली आणि वॉर्डाच्या दारातून आत डोकावले.

"झालं, सिस्टर. आता कितीही वेळ उघडी ठेवा. कुणाचं काही अडणार नाही."

सिस्टरनी मागे वळून पाहिलं नाही, नुसती मान हलवली. हात मांडीवर ठेवून त्या पडद्यासमोर बसल्या होत्या. पलीकडे यंत्रं धुवायला लावली होती. काकांनी दार हळूच लोटून घेतलं.