हेल्मेट निळं का?

मित्रांनो, बागेच्या कोपऱ्यात झाडांखाली उभा असलेला मी एक जुना दगडी स्तंभ. परक्या मुलखात शांतता राखायला गेलेल्या आणि परत न आलेल्या सैनिकांचं स्मारक आहे मी. माझ्या माथ्यावर दगडाचंच हेल्मेट आहे. त्याच्या आत डोकं नाही, तरी मला प्रश्न मात्र फार पडतात!

खाणीतून आणल्यावर पाथरवटाने चार महिने माझ्यावर छिन्नी चालवली. त्याच्या बायकोने एकोणीस नावं कोरली आणि शेवटी हेल्मेटला निळा रंग दिला. निळाच का? उद्घाटनाला पाच भाषणं झाली, तीही मी कान देऊन ऐकली, पण हे कुणी सांगितलं नाही. पुढे लोक मला विसरले. कबुतरांनी तेवढी ओळख ठेवली.

आणि एका आजींनी. त्या दर गुरुवारी यायच्या. नजर अधू झालेली, म्हणून रस्त्यापलीकडून निळा ठिपका हेरायच्या आणि सरळ माझ्याकडे चालत यायच्या. तिसऱ्या ओळीतल्या आपल्या मुलाच्या नावावर बोट फिरवत त्याला घरच्या बातम्या सांगायच्या. मीही चोरून ऐकायचो.

मागच्या महिन्यात बागेत नवा रंगारी आला. मोठा कामसू माणूस. कुंपण रंगवून झाल्यावर माझ्याकडे बघत म्हणाला, "सैनिकाचं हेल्मेट आणि निळं? कुणीतरी चुकलंय." आणि त्याने ते मन लावून हिरवंगार केलं.

गुरुवारी आजी आल्या. झाडांच्या हिरव्यात मी हरवलो होतो. त्या माझ्यासमोरून दोनदा गेल्या. मला हाक मारता येईना, जीव नुसता तुटत होता. शेवटी त्या घरी जायला वळल्या.

"आजी, काही हरवलंय का?" रंगाऱ्याने विचारलं.

"इथलं निळं हेल्मेट कुठं गेलं रे?"

"हे काय समोर! चुकीचा रंग होता, मी दुरुस्त केला. सैनिकाचं हिरवंच असतं ना?"

आजी चाचपडत मुलाच्या नावापर्यंत आल्या. "अरे बाबा, हिरवं असतं लपायला. माझा मुलगा लपायला नव्हता गेला. दोघं भांडत होते, त्यांच्या मधे उभा राहायला गेला होता. दोन्हीकडच्यांना लांबून दिसायला हवा, म्हणून निळं."

रंगारी खजील झाला. लगेच निळ्या रंगाचा डबा शोधायला गेला. इतक्या वर्षांनी मला माझं काम कळलं होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा जरूर राखा. पण ती वस्तू अशी का आहे, हे आधी कुणाला तरी विचारा.

पुढच्या गुरुवारी आजी रस्त्यापलीकडे थांबल्या. कपाळावर आडवा हात धरून त्यांनी पाहिलं आणि सरळ माझ्याकडे चालत आल्या.