शेठच्या गाडीतला गारवा कोणी खाल्ला?

उधव्याच्या नाक्यावर साठ-सत्तर माणसं एका पांढऱ्या गाडीभोवती गोळा झाली होती आणि आळीपाळीने खिडकीतून हात घालून आतला वारा चाचपत होती. चमत्कारच होता तसा. गाडी धावताना एसी बर्फासारखा, आणि रूपी म्हातारीच्या ताडगोळ्यांच्या टोपलीपुढे थांबली की पाच मिनिटांत भट्टी. एकदा नाही, महिनाभर, रोज.

रूपी चिंचेला बांधलेली होती. तिचं डावं मनगट सुजून काळंनिळं झालं होतं. बांबू कोणी मारला, हे कोणालाच आठवत नव्हतं. एवढ्या माणसांची आठवण एकदमच जावी, हा त्या दिवसाचा दुसरा चमत्कार. पण त्याची चौकशी कोणी केली नाही.

मिथुनला तिच्याकडे बघवत नव्हतं. गाडी डहाणूच्या हरिश्चंद्रशेठची, चालवायचा तो. "शेठ, रूपीआयपुढे थांबलं की गारवा जातो," हे वाक्य त्याचंच. त्याने ते तक्रार म्हणून म्हटलं होतं. झिपरू भगताने ते पुरावा म्हणून घेतलं.

"ही भुताळी, चेटकीण! थंडी खाते!" झिपरूने सुपातले तांदूळ उडवले. "माठाची खाल्ली, विहिरीची खाल्ली, आता मोटारीची खाते. उद्या तुमच्या पोरांच्या अंगातली खाईल!"

हे खरं असतं तर हिवतापाच्या पेशंटांनी रूपीपुढे रांग लावायला हवी होती. पण रांग भगताकडे होती. त्याचा उतारा चोख असे. गाडीच्या नाकावर काळं फडकं, त्यावर लिंबं, त्यावर झेंडूच्या माळा. दर शनिवारी एक माळ जास्त. माळा वाढल्या तशी गाडी अधिकच तापू लागली. भगत म्हणाला, भूत चिडलंय. आज निकाल होता: दिवस मावळायच्या आत रूपीचं खोपटं मोडायचं आणि तिला गावाबाहेर काढायचं.

मिथुनने लपूनछपून फोन केला होता तो चारोटीच्या कविता मेकॅनिकला. ती वडापच्या जीपमधून उतरली, हातात पान्यांची पिशवी.

"बाई आणि मोटार उघडणार?" झिपरू हसला. "ही पण शिकाऊ भुताळीच!"

"शिकाऊ होते, आयटीआयला. आता पर्मनंट आहे," कविता म्हणाली. "मिथुनभाऊ, गाडी भगतांच्या दारात लावा. इंजिन चालूच ठेवा."

गर्दी मागून पळाली. रूपी चिंचेपाशीच राहिली. पाच मिनिटं झाली आणि आत बसलेले शेठ रुमालाने मान पुसायला लागले. "अरे, गरम! इथेपण गरम!"

माणसं एकदा गाडीकडे, एकदा भगताकडे बघू लागली. लोक विचार करू लागलेत, हे मिथुनला दिसलं आणि त्याला बरं वाटलं. लोकांनी विचार केलाही.

"म्हणजे झिपरूच भुताळा!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि तोच बांबू पुन्हा वर आला.

"अरे, मी भगत! भगत आहे मी!" झिपरूच्या हातातलं सूप पडलं. एक क्षण तो बांबू आपल्या हातात असावा असं मिथुनलाही वाटलं.

कविता मध्ये उभी राहिली. "मारा! मग गाडी शाळेपुढे लावते. तिथेही तापेल. मास्तरांना मारा. मग देवळापुढे लावते. तिथे कोणाला मारणार?"

बांबू खाली आला.

तिने फडकं आणि माळा ओरबाडून काढल्या. आत एक जाळी होती. तिच्या बारीक पत्र्यांत चिखल, मेलेले किडे, झेंडूच्या पाकळ्या, आणि कडेने खारट हवेने खाल्लेल्या जागा.

"हा कंडेन्सर. फ्रिजमागची जाळी तापते ना? तीच गोष्ट. गाडीतली उष्णता इथून बाहेर पडते, पण त्याला वारा लागतो. गाडी पळते तेव्हा समोरून लागतो. थांबली की हा पंखा फिरायला हवा. हा जळालाय. वर तुम्ही फडकं बांधलंत. तोंडावर उशी दाबायची आणि विचारायचं, श्वास कोणी खाल्ला?"

तिने भगताच्याच ओट्यावरचा हंडा उचलून जाळीवर ओतला. वाफ निघाली. थोड्या वेळाने शेठ आतून म्हणाले, "गार येतंय." आवाज लाजलेला होता.

"दर महिन्याला धुतला असता तर एवढं झालं नसतं. आता पंखा आणि कंडेन्सर दोन्ही नवे लागतील. वापीहून यायला दोन दिवस," कविता म्हणाली. मग गर्दीकडे वळली. "यंत्र बिघडलं तर यंत्र उघडा, माणूस बांधू नका. दुसरीकडे लावून बघितलं का, एवढं एकाने जरी विचारलं असतं तरी त्या बाईचा हात शाबूत राहिला असता."

नाक्यावर परतल्यावर मिथुनने स्वतः दोर सोडला. माफी कोणी मागितली नाही. मागच्या सीटवरच्या शेठना न विचारता त्याने गाडीचं पुढचं दार उघडलं. "रूपीआय, बस. सरकारी दवाखान्यात जाऊ."

रूपी बसली नाही. "वाटेत थांबली तर?"

"तर काय?"

"परत तापंल ना?"

मिथुनने कविताकडे बघितलं. ती नाही म्हणेल असं त्याला वाटलं होतं.

"तापेल, मावशी," कविता म्हणाली. "पंखा अजून बदललेला नाही."

रूपीने त्या साठ-सत्तर माणसांकडे बघितलं. मग चांगल्या हाताने मोडका हात उचलून धरला आणि दवाखान्याच्या वाटेला लागली. कविता तिच्या बाजूने चालली. मिथुनने एसी बंद केला, चारही काचा उतरवल्या आणि गाडी पहिल्या गिअरात टाकून म्हातारीच्या चालीने दोन किलोमीटर मागून नेली.