मशीनपाशी ठेवलेलं पांढरं रीळ

सूनबाईंनी संगणकाचा पडदा वळवला आणि रंगकाकांना विचारलं, "मग ही रिळं गेली कुठं?"

मी गल्ल्यावर होते. हातात गिऱ्हाईकाची बटणं, कान मात्र तिकडे. आमचं दुकान शिवणसामानाचं. मालकांच्या सूनबाई कारभार बघायला लागल्यापासून दर महिन्याला बिलाच्या मशीनमधून अहवाल काढायच्या. कोणता माल कधी जातो, कशाबरोबर जातो, सगळं त्यात. आधी मी नाक मुरडलं होतं. पण शिंपी मंगळवारी सकाळी येतात हे त्यांनी आकड्यांवरून हेरलं, चेनचे खण दोऱ्याच्या कपाटाशेजारी आणले आणि चेनचा खप दीडपट केला. बाईंचं डोकं चालतं, हे मी तेव्हाच कबूल केलं.

आजचा अहवाल मात्र म्हणत होता की सहा महिन्यांत रंगीत दोरा जवळजवळ विकलाच गेला नाही, गेला तो सगळा पांढरा. म्हणून त्यांनी खण उघडून मोजणी केली, तर रंगीत रिळं निम्मी गायब. पांढऱ्याचा आकडाही जुळेना, पण खरेदीची नोंद राहिली असेल म्हणून तो त्यांनी सोडून दिला. रंगीत रिळं विकली नाहीत आणि खणातही नाहीत. आणि त्या कपाटाला हात लागतो तो एकट्या रंगकाकांचा.

काका मालकांच्या वडिलांच्या वेळचे. गिऱ्हाईकानं कापडाचा तुकडा दिला की दारातल्या उजेडात धरणार, एकदाच बघणार आणि दोनशे चाळीस छटांतून नेमकं रीळ काढून देणार. "मी नेली नाहीत," एवढंच ते म्हणाले. सासऱ्यांशी बोलून संध्याकाळी काय ते सांगते, असं सूनबाई म्हणाल्या. काय सांगणार, ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

माझी नजर मशीनशेजारच्या पांढऱ्या रिळावर गेली.

सांगायला लाज वाटते, पण सांगते. या रस्त्यावर माझ्याइतकं झटपट बिल करणारं दुसरं कुणी नाही. एकोणीस वर्षांत माझ्यापुढची रांग कधी पाचाच्या वर गेली नाही, आणि हे मी भेटेल त्याला ऐकवते. पण त्यातली मेख अशी की सगळ्या रंगांच्या रिळांची किंमत एकच. कुणी बारा रंगांची बारा रिळं आणली की बारा वेळा स्कॅन कोण करत बसणार? एक पांढरं रीळ मी मशीनपाशीच ठेवलं होतं. ते दाखवायचं, बारा दाबायचं, की झालं काम. पुढे सवयच लागली, एकट्या रिळालाही तेच दाखवायचं. बिल बरोबर, गिऱ्हाईक खूश. मशीनला बिचारीला वाटायचं, बाराही पांढरीच गेली.

दुपारभर मी स्वतःशी भांडत राहिले. सांगितलं तर माझी मिजास उतरणार, कदाचित नोकरीही जाणार. तेवढ्यात काकांनी एका बाईला चुकीच्या छटेचं रीळ दिलं. माझ्यादेखत पहिल्यांदाच. त्यांनी ते परत घेतलं, माफी मागितली आणि पुन्हा दाराशी जाऊन कापड उजेडात धरलं. मला ते बघवेना.

तिघांची रांग तशीच सोडून मी रीळ घेऊन सूनबाईंपुढे उभी राहिले.

"वहिनी, काकांनी काही नेलं नाही. चूक माझी आहे, आणि ती या रिळाची आहे."

पुढचं बिल त्यांच्यासमोरच करून दाखवलं. त्या बघत राहिल्या.

"ताई, बटणांचंही असंच करता?"

"लेसचंही," मी म्हटलं.

त्यांनी कपाळाला हात लावला. सहा महिन्यांचा अहवाल कचऱ्यात गेला होता. पण उठल्या त्या आधी काकांकडे गेल्या आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, त्यांची माफी मागितली. मग मला म्हणाल्या की उद्यापासून एकेक रीळ वेगळं स्कॅन करायचं, रांग दाराबाहेर गेली तरी चालेल.

संध्याकाळी आवराआवर करताना मी काकांपाशी गेले. ते म्हणाले की मी एकच रीळ दाखवते हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

"मग सकाळीच का नाही बोललात?"

"तू बोलशील, असं वाटलं."

मला रडू आलं. ते लपवायला मी पांढरं रीळ पुढे केलं, जागेवर ठेवा म्हटलं. माझ्या अंगठ्यानं त्याच्या लेबलच्या कडा पार झिजल्या होत्या, दोराही हात लागून लागून मळला होता. काकांनी ते दाराशी नेऊन उजेडात धरलं, एकदाच बघितलं.

"हे आता पांढऱ्यात नाही जायचं," ते म्हणाले आणि मोतिया रंगाचा खण उघडून त्यांनी ते त्यात ठेवलं.