दोन पिंपांच्या मधला कागद

"लाल झाला! बघा, बघा, लाल झाला!"

वाचनालयाच्या अंगणात अंतर राखण्यासाठी खडूनं आखलेली वर्तुळं केव्हाच पुसली गेली होती. माणसं एकमेकांच्या खांद्यावरून माना उंचावून पाहत होती. साथीमुळे बंद पडलेलं वाचनालय सात महिन्यांनी उघडलं होतं, पण पुस्तकांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांचे डोळे कागदबाबाच्या हातातल्या पिवळ्या चिठोऱ्यावर. एका बाईच्या ओल्या तळहातावर त्यानं तो टेकवला आणि कागद रक्तासारखा लाल झाला.

"शास्त्रज्ञांना यंत्रं लागतात," मास्क हनुवटीवर ओढून कागदबाबा म्हणाला. "माझ्या कागदाला तळहात पुरतो. आजार तुमच्या उंबऱ्यापर्यंत आलाय, ताई. हाकलून लावू." त्यानं कागद तीर्थाच्या वाटीत बुडवला. पुन्हा पिवळा! "गेला! आता दवाखान्याची पायरी चढायचं काम नाही."

ग्रंथपाल बाई खिडकीतून पाहत होत्या. दर रविवारी अंगणात मुलांना गोष्टी, आजाराविषयी माहिती, म्हाताऱ्यांसाठी घरपोच पुस्तकांची नोंदणी, असा कार्यक्रम त्यांनी आखला होता. "चार शब्द धीराचे सांगतो," म्हणत कागदबाबा आला आणि त्यांनी हो म्हटलं. माणसं इतकी खचली होती की धीर कुणाचाही चालला असता. कागद पाहून बाईंना हसूही आलं आणि रागही. पण निदान लोक येताहेत, म्हणून त्या गप्प बसल्या.

रांगेत बाइंडरकाकाही होते. तीस वर्षं वाचनालयाची फाटकी पुस्तकं त्यांनीच शिवली होती. दोन दिवस त्यांच्या अंगात कणकण होती.

"काका, दवाखान्यात दाखवून घ्या हो," बाई म्हणाल्या.

"दाखवलं की." काकांनी खिशातला कागद काढला. "पिवळा झाला, बघा. उगीच तिथल्या गर्दीत कशाला जायचं?"

बाईंनी पुढे आग्रह केला नाही. तेवढं एक त्यांना नंतर जन्मभर खुपत राहिलं.

नवव्या दिवशी काका गेले. शेवटच्या दिवशी त्यांना धाप लागली, पण ते कागद मुठीत धरून "मी बरा झालोय" असंच म्हणत राहिले. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत उशीर झाला होता.

पुढच्या शनिवारी काकू दुरुस्तीला नेलेली पुस्तकं परत घेऊन आल्या. तीन शिवून झाली होती. चौथ्यात सुई तशीच टोचलेली होती.

"एवढं एक राहिलं, बाई," काकू म्हणाल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

परत आलेल्या पुस्तकांची पुठ्ठ्याची वेष्टणं बाई साबणाच्या फडक्यानं पुसून घेत असत. ती पुसताना चौथ्या पुस्तकातून काकूंनी जपून ठेवलेला काकांचा पिवळा कागद घसरला. त्यांनी तो झेलला आणि त्यांची बोटं जिथं लागली तिथं लाल डाग उठले.

क्षणभर बाईंनाही वाटलं, आजार आपल्यालाही लागला. मग त्यांनी मास्क खाली करून कागद हुंगला. हळद!

त्यांनी फडकं टेबलावर फिरवलं आणि कागद तिथं टेकवला. लाल. टेबलाला कुठला ताप? डब्यातली लिंबाची फोड काढून कागदावर पिळली. पिवळा.

"काकू, पदरावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की काय होतं?"

"लाल होतो," काकू म्हणाल्या. आणि त्यांचा हात तोंडावर गेला.

बाई खिडकीशी गेल्या. अंगणात हात धुण्यासाठी दोन पिंपं होती, आधी साबणाच्या पाण्याचं, मग साध्या पाण्याचं. दोन्ही त्यांनीच ठेवलेली. कागदबाबाची खुर्ची बरोबर दोघांच्या मधे. "हात ओलेच ठेवा," असं तो का सांगायचा, ते आता कळलं.

रविवारी गर्दी जमल्यावर बाईंनी खुर्ची उचलली आणि साध्या पाण्याच्या पिंपापलीकडे ठेवली. "आज हात नीट खळबळून मग कागद लावा."

पंधरा माणसांनी कागद लावला. एकही लाल झाला नाही. मग बाईंनी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेले आपले कागद साबणाच्या पिंपाला चिकटवले, पायरीला साबण लावून तिथंही चिकटवले. सगळे लालभडक. त्यावर लिंबू पिळलं, तसे पुन्हा पिवळे झाले, वाटीतल्या तीर्थात होतात तसेच.

"अश्रद्ध जागेत कागद बोलत नाही!" कागदबाबा तीर्थाची वाटी झाकत म्हणाला.

"कागदाला श्रद्धा कळत नाही. त्याला साबण कळतो," बाई म्हणाल्या. "आपल्यातल्या प्रत्येकीनं हा डाग धुतलाय. तरी आपण पाहिलं नाही. मीही नाही."

टाळ्या वाजल्या नाहीत. कागदबाबा पिशवी उचलून निघाला तेव्हा एक म्हातारा चिडून म्हणाला, "तेवढा धीर होता, तोही काढून घेतलात!" बाईंना त्याच्यावर रागावता आलं नाही.

काकू पुढे आल्या. "बाई, ह्यांना त्याच दिवशी नेलं असतं, तर वाचले असते?"

सगळं अंगण बाईंकडे बघत होतं. खोटं बोलणं सोपं होतं.

"माहीत नाही, काकू. पण वाचण्याची संधी मिळाली असती."

काकूंनी मान हलवली. मग त्या रांगेकडे वळल्या. त्यांचा आवाज फार मोठा नव्हता.

"मला तेवढीच हवी होती. तुमच्याकडे ती अजून आहे. कुणी काही करून दाखवलं, तर ते कसं झालं हे आधी विचारा. आणि घरात ताप असेल, तर विचारत बसू नका. माणूस उचला आणि दवाखान्यात न्या."

मग रांगेतल्या एका बाईनं नवऱ्याचा दंड धरला आणि दोघं फाटकाबाहेर पडून दवाखान्याच्या दिशेनं चालू लागली.